नीरफणसाची दुलई

आईबरोबर दोन गोष्टी पाठवायच्या होत्या: तिच्या नक्ष्यांचे कागद आणि नीरफणसाची दुलई. कागद मी स्वतः शवपेटीत ठेवले. दुलई ठेवल्याचं बाबांनी सांगितलं. तोवर झाकण बसलं होतं, त्यामुळे कोणी उघडून पाहिलं नाही.

होनोलुलूला परत निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या खोलीत चादर बदलायला गेले, तर दुलई त्यांच्या पलंगावर होती. पांढऱ्या कापडावर हिरवी, कडा धुऊन धुऊन विरलेल्या. प्रत्येक पानाचं शेवटचं बोट जरासं आत वळलेलं. मोलोकाई बेटाच्या पूर्व टोकाला नीरफणसाची दुलई प्रत्येक घरात असते. मुलीने पहिली दुलई नीरफणसाचीच करावी, म्हणजे तिच्या घरात अन्न कमी पडत नाही. पण वळलेल्या बोटाचं पान फक्त आईचं. दुसरीच्या नक्षीला कोणी हात लावत नाही, म्हणूनच बाई गेली की तिचे कागद तिच्याबरोबर जातात आणि पहिली दुलईही. नाहीतर ती जाळतात. हल्ली सगळे पाळतात असं नाही. आईने पाळायला सांगितलं होतं.

मी बाबांना विचारलं. ते व्हरांड्यात जाळं दुरुस्त करत होते.

"ती मला केली होती तिने, लग्नाला," ते म्हणाले. "माझी वस्तू दुसऱ्याच्या पेटीत कशी जाईल?"

मी म्हटलं, दुसऱ्याच्या म्हणजे आईच्या. ते म्हणाले, तेच ते. आणि हसले.

ते हसणंच मला खुपत होतं. मातीच्या वेळी ते रडले नव्हते. खड्डा खणणाऱ्याशी त्यांनी त्याच्या फावड्यावरून थट्टा केली होती. लोक बाबांबद्दल म्हणाले, कामुएला म्हणजे धीराचा माणूस. मी मात्र त्यांच्याकडे पाहताना विचार करत होते की हा धीर नाही, या माणसाचं काही हरवलेलंच नाही.

मी जाणं पुढे ढकललं. ग्रंथालयात माझी रजा शिल्लक होती.

दुलईखाली झोपलं की सकाळी अंगावर शिवणींचे वळ उठतात. नक्षीच्या कडेकडेने लाटांसारख्या शिवणी एकीबाहेर एक घातलेल्या असतात. लहानपणी मी आणि माझा भाऊ गालावरच्या लाटा आरशात मोजायचो, आणि तोंड धुईपर्यंत त्या जायच्या. बाबांच्या दंडावरच्या लाटा दुपारच्या जेवणालाही तशाच होत्या. दुसऱ्या दिवशी त्या मानेवर आल्या. मग एकदा ते नळाखाली अंघोळ करत असताना मी टॉवेल द्यायला गेले, तेव्हा त्यांच्या छातीवर दिसल्या. भर उन्हात, ओल्या अंगावर, पानाचा आकार स्पष्ट. लाटा बरगड्यांवरून आत, बेंबीच्या दिशेने निघाल्या होत्या.

त्यांचं जेवणही कमी झालं होतं. ताट पुढे आलं की ते मायेने म्हणायचे, "जेवलोय गं." त्यांच्या तोंडाला भाजलेल्या नीरफणसाचा वास यायचा. विस्तवावर काळा होईपर्यंत भाजलेला, आतून पिवळा झालेला. हंगाम कधीच संपला होता. आमच्या झाडावर पानांशिवाय काही नव्हतं.

डॉक्टर आले. त्यांनी बोटाने वळ दाबून पाहिले आणि सांगितलं, म्हातारपणी कातडी पातळ होते, ठसे लवकर जात नाहीत. वजन का उतरतंय ते त्यांना सांगता आलं नाही.

मग मी लुइका मावशीला बोलावलं. लुइका मावशी म्हणजे माझ्या आईची, पेकाची, मावसबहीण. दोघींनी आयुष्यभर एका चौकटीवर टाके घातले आणि त्याहून जास्त भांडणं केली. ती घरात शिरली, पण खोलीच्या दारातच थांबली. तिथूनच पलंगाकडे पाहिलं आणि मला बाहेर घेऊन आली.

"बेंबी उघडी आहे ना पेकाच्या दुलईची?"

दुलईच्या मधल्या भागाला आमच्याकडे बेंबी म्हणतात. काही बायका तिथे नक्षी जोडलेली ठेवतात, काही मधोमध मोकळी जागा सोडतात. आईने सोडली होती, तळहाताएवढी. उघडी ठेवणाऱ्या म्हणतात, तिथून गेलेली माणसं येतात-जातात. बंद ठेवणाऱ्या म्हणतात, म्हणून तर बंद ठेवायची. बाबा झोपताना त्या जागेवर हात ठेवून झोपत.

"तो चाललाय," मावशी म्हणाली. "रोज थोडा थोडा. एकदम उठून जायची लाज वाटते म्हणून हप्त्याहप्त्याने."

मी म्हटलं, मग दुलई ओढून घेते आणि आजच जाळते. तिने माझं मनगट धरलं. जिवंत माणसाच्या हातातून ओढलेली दुलई जाळली तर तो तिच्याबरोबर जातो, ती म्हणाली. त्याने आपण होऊन द्यायला हवी. मी विचारलं, असं कुठे सांगितलंय. "तुझ्या ग्रंथालयात नसेल," ती म्हणाली आणि तोंड फिरवून पायऱ्या उतरली.

मला खरं-खोटं ठरवता येत नव्हतं. एवढं कळत होतं की आई गेली आहे आणि बाबा तिच्या मागे निघाले आहेत, आणि ते गेले की या घराशी माझं नातं सांगणारं कोणी उरणार नाही. भाऊ आधीच समुद्राने नेला होता. मी त्या संध्याकाळी बाबांना सरळ विचारलं, दुलई मला द्याल का.

"थंडी वाजते मला," ते म्हणाले. "दुसरी दे, ही घे. पण तुझी हवी. दुकानातली नको, लुइकाची तर नकोच, तिचे टाके मला टोचतात. आणि त्या बाईने तुला बेंबीचं सांगितलंच असेल. तर बंद करून दाखव."

हे म्हणताना ते पत्त्याचा डाव जिंकल्यासारखे हसत होते. मी जन्मात एक नक्षी कापली नव्हती, हे त्यांना माहीत होतं.

नक्षी कापणं पाहायला सोपं असतं. दुलईएवढा कागद घ्यायचा, दोनदा दुमडून चौकोन करायचा, मग कोनातून दुमडून त्रिकोण. त्या त्रिकोणावर पान, फूल, फळ, जे काढायचं ते अष्टमांश काढायचं आणि एका दमात कापायचं. उलगडलं की सगळं आठपट होऊन समोर येतं. चुकलं तरी आठपट. कागदावर जमलं की तेच कापडावर. तुकडे तुकडे जोडून पांघरूण करायचं मिशनऱ्यांच्या बायकांनी शिकवलं, तेव्हा आमच्या पणज्यांना तो वेडेपणा वाटला होता. अख्खं कापड फाडून परत जोडायचं कशाला?

वाण्याकडचा तपकिरी कागद चिकटवून मी आईच्या टेबलावर घडी घातली आणि पपई काढली. बोटं फाकलेलं पान, देठाशी फुलं, खोडाला लागून फळं. बेंबीशी पानांचे देठ एकमेकांत गुंतवले, म्हणजे मध्ये जागा राहणार नाही. पेन्सिलीच्या रेघेवरून कापलं आणि उलगडलं.

नीरफणस होता. शेवटचं बोट आत वळलेलं, आठही पानांचं. मधोमध तळहाताएवढं भोक.

माझ्या पहिल्या विचाराची मला आता गंमत वाटते. मला वाटलं, हाताची सवय. जी नक्षी जन्मभर पाहिली ती हाताने काढली असेल. मी दुसरा कागद घेतला आणि आंबा काढला. मग रताळ्याचा वेल. मग केळफूल, ज्याचा नीरफणसाशी काही संबंध नाही. दर वेळी उलगडताना कागद तोच आवाज करायचा आणि दर वेळी आईचं पान बाहेर यायचं. मी जमिनीवर पडलेली कातरणं गोळा करून टेबलावर जुळवून पाहिली. कातरणं केळफुलाची होती. एकेक पाकळी जिथे कापली होती तिथे नेमकी बसत होती. मी जे कापून टाकलं होतं ते केळफूल होतं, आणि जे हातात उरलं होतं तो नीरफणस.

लुइका मावशी आली तेव्हा कागद भिंतीला टेकून उभे होते. ती ते पाहून म्हणाली की फाडू नकोस, जाळू नकोस, पण उघडे मात्र ठेवू नकोस. तिने स्वतः हात लावला नाही. मी एकेक घडी करून ठेवला. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मला भूकच नाही. तोंडाला धुरकट, गोडसर चव होती.

बाबा मात्र मजेत होते. शर्टाची बटणं उघडी टाकून घरभर फिरायचे. लाटा आता बेंबीपासून दोन बोटांवर होत्या. मी कापत असले की दारातून डोकावून म्हणायचे, "आज कुठली भाजी?" मग आत जाऊन पडायचे.

एका सकाळी ते असेच डोकावले आणि गंमत करता करता थांबले. त्यांची नजर माझ्या हातावर होती. ते आत आले, माझं मनगट धरून उजेडाकडे वळवलं. मनगटाच्या आतल्या बाजूला एक वळ होता. बारीक, धावदोऱ्याच्या टाक्यांचा. मी त्या दुलईखाली एकदाही झोपले नव्हते.

त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा त्यांच्या वयाचा दिसला.

"तू समोर बसायचीस," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"तिच्या समोर. टेबलाच्या त्या बाजूला, शाळेची पुस्तकं घेऊन. मान वर करून बघायचीस, परत पुस्तकात. तिचं डावं ते तुझं उजवं. या घडीला दोन टोकं असतात, दोन्ही अगदी सारखी. एक बेंबी, एक कड. तू बेंबीला कड समजून कापतेस. भोक पडणार नाही तर काय होईल?"

मी घडी उचलून पाहिली. दोन्ही टोकं खरंच सारखी निमुळती होती. एका टोकाला सगळ्या घड्या मिटलेल्या होत्या, दुसऱ्याला कागदाच्या सुट्या कडा. बोट फिरवलं की कळत होतं. मी इतके दिवस बोट फिरवलंच नव्हतं.

"भोकाचं कळलं," मी म्हटलं. "पण पान तिचंच का येतं?"

त्यांनी आईची वेताची खुर्ची टेबलापाशी ओढली, तिच्या जागेवर ठेवली. मग माझी खुर्ची समोरून उचलून तिला लागून ठेवली.

"शेजारी बस तिच्या. मी बसायचो. सुया ओवून द्यायचो. आणि अळू काप."

अळूला मी मुद्दाम हात लावला नव्हता. आमच्याकडे सांगतात, आकाशाचं पहिलं मूल मेलेलं जन्मलं, ते घराच्या कोपऱ्याशी पुरलं, तिथे अळू उगवला. दुसरं मूल जगलं, ते आपण. अळू आपला थोरला भाऊ. त्याच्या अंगावर कात्री चालवायची मला हिंमत नव्हती. मी तसं म्हटलं.

"म्हणून तर सांगतोय," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं खाचरात त्याच्याबरोबर चिखलात उभा होतो. तो धाकट्याला सोडून देत नाही."

मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी माझ्या मर्जीने चाललो होतो, नोहेआ. तुला न्यायचं असं आमचं ठरलं नव्हतं."

मी रिकाम्या खुर्चीच्या शेजारी बसले. बाहेर लख्ख ऊन होतं, कोंबड्या व्हरांड्याखाली उकरत होत्या. मिटलेलं टोक मी बोटाने चाचपून माझ्याकडे घेतलं. अळूचं पान काढायला कठीण नाही, बदामाचा आकार आणि देठ जिथे पानाला मिळतो ती खूण. त्या खुणेलाही आमच्याकडे बेंबीच म्हणतात. मी कापायला लागले. शेजारच्या खुर्चीवर कोणी नव्हतं. तरी कात्री वळवताना माझ्या कोपराला जागा पुरत नव्हती. मला अंग चोरून बसावं लागलं. एकदा कात्री पेन्सिलीची रेघ सोडून आत वळायला गेली, पानाचं टोक वाकवायला. मी थांबले. मी कात्री रेघेवर परत आणली. वेताने हलकासा आवाज केला, बसलेलं माणूस उठताना करतं तसा. त्यानंतर कोपराला जागाच जागा होती.

उलगडलं तेव्हा अळू होता. आठ पानं, मधोमध देठ एकमेकांत घट्ट विणलेले.

बाबांनी पाहिलं. मग ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

एरवी असल्या कामाला वर्ष जातं. लुइका मावशी आली, नक्षीच्या मध्यावर अंगठा दाबून पाहिला, "बंद आहे" म्हणाली आणि दुसऱ्या सकाळी चर्चमधल्या चार बायका आणि लाकडी चौकट घेऊन हजर झाली. लाल कापडाचा अळू पांढऱ्यावर टाचला. लाटा दूर दूर घेतल्या. आईने पाहिल्या असत्या तर सगळ्या उसवायला लावल्या असत्या. बायका रोज जेवणानंतर यायच्या, आणि रागावलेल्या हाताने टाका घालायचा नाही म्हणून मुद्दाम हसत-खिदळत काम करायच्या.

"नोहेआ, हे टाके आहेत की गुरांचं कुंपण?"

"कुंपण कसलं, जाळं आहे. यातून मोठा मासाही पळेल."

"पळू दे. एक तेवढा अडकला म्हणजे झालं," मावशी म्हणाली.

त्या दिवसांत बाबांच्या अंगावरच्या लाटा होत्या तिथेच राहिल्या. पुढे सरकल्या नाहीत, मागेही गेल्या नाहीत. ते आता शर्टाची बटणं लावून घ्यायचे. चौकटीजवळ कधी आले नाहीत.

दुलई पुरी झाली की करणारीने आधी तिच्याखाली झोपायचं असतं, मग ज्याची त्याला द्यायची. मी दुपारी बाहेरच्या खोलीत ती अंगावर घेतली आणि गाढ झोपले. काही स्वप्न पडलं नाही. जाग आली तेव्हा बाबा समोर उभे होते. हातात आईची दुलई, त्यांनी स्वतः घडी केलेली. चौकोन, मग कोनातून त्रिकोण. कापायच्या आधी घालतात ती घडी.

त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि माझी उचलून खांद्यावर टाकली. "जड आहे," ते म्हणाले.

सकाळी ऊन वर आल्यावर मी आईची दुलई किनाऱ्यावर नेली. बाबा आले नाहीत. वाळूवर ती पसरली आणि कोपऱ्याला काडी लावली. वारा समुद्राकडून होता, कोपरा नुसता धुमसला. पेटली ती मधून. भोकाची कड आधी तपकिरी झाली, मग भोक मोठं होत गेलं, एकसारखं गोल, पानं आतल्या बाजूने एकेक संपत गेली. कडा सगळ्यांत शेवटी. भाजलेल्या नीरफणसाचा वास इतका दाट होता की रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबला आणि त्याने हसून विचारलं, उरलाय का थोडा. मी मानेनेच नाही म्हटलं.

राखेवर वाळू लोटून मी घरी आले. बाबा स्वयंपाकघरात होते. त्यांनी स्वतः पोईचं, म्हणजे अळूच्या कुटलेल्या कंदांच्या लगद्याचं, भांडं काढलं होतं आणि सुका मासा भाजला होता. ते भराभर खात होते, दोन बोटांनी पोई ओढत, बऱ्याच दिवसांच्या उपाशी माणसासारखे. बाह्या वर सरकवलेल्या होत्या. दंडावर सुरकुत्यांखेरीज काही नव्हतं, आणि माझं मनगटही कोरं होतं. खाता खाता ते थांबले. बोटं पोईत तशीच राहिली. त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला आधी वाटलं ठसका लागला. त्यांना असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. भाऊ गेला तेव्हाही नाही.

मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एक बातमी मला कशी सांगावी हे त्यांना कळत नाहीये.

"नोहेआ," ते म्हणाले, "तुझी आई गेली. आज सकाळी. लोकांना सांगायला पाहिजे."

मी हो म्हटलं. त्यांचे हात धुतले, तोंड पुसलं, त्यांना पलंगावर बसवून पायांवर अळूची दुलई घातली. मग लुइका मावशीकडे गेले. ती खिडकीशी शिवत बसली होती. बाबांनी काय सांगितलं ते मी जसंच्या तसं तिला सांगितलं. मला वाटलं ती माझ्याकडे डोळे रोखून बघेल, किंवा दवाखान्याचं काही म्हणेल.

तिने सुई कापडात टोचून ठेवली आणि विचारलं, "किती वाजता?"

मी म्हटलं, ऊन वर आल्यावर. ती उठली, मांडीवरचे दोरे झटकले, आणि काळा झगा शोधायला आतल्या खोलीत गेली.